शब्दाचा गेटपास

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी श्रीमती निर्मला गावंडे हे नाव सांगतो. आईबाबांचं नाव यात घालत नाही. त्यांनी केलं ते उपकार म्हणून केलं नाही, आणि तसं म्हटलेलं बाबांना आवडणारही नाही. गावंडे मॅडम मात्र आमच्या कोणी नव्हत्या. ना नात्यातल्या, ना गावच्या. भिलाईत वैशाली नगरला त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये इंग्रजीचा क्लास चालायचा आणि मी तिथे शिकायला जायचो, एवढाच संबंध.

मी डोंगरगडचा. बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळाही हिंदी. बारावीनंतर मला कॉलेजसाठी भिलाईला आत्याकडे ठेवलं. आत्या कोहक्याला राहते. बी.ए.ला मी इंग्रजी साहित्य घेतलं, कारण शाळेत इंग्रजीत मार्क चांगले पडायचे. मार्क वेगळे आणि इंग्रजी वेगळं, हे कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. वर्गात प्राध्यापक काय बोलतात ते मला समजत नव्हतं. सगळे हसले की मीही हसायचो.

आत्याला शेजारच्या बाईंनी गावंडे मॅडमचं नाव सांगितलं. बाबा सुट्टी काढून आले आणि मला घेऊन गेले. मॅडम पोर्चमध्ये वेताच्या खुर्चीवर बसून भेंडी चिरत होत्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, केस आखूड कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, पोरगा लय सिन्सर हाय."

रुळांच्या कामाबाहेरचा बाबांना येणारा हा बहुधा एकच इंग्रजी शब्द. त्यांच्या साहेबांनी कधीतरी चारचौघांत त्यांना 'सिन्सियर वर्कर' म्हटलं होतं. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरी राहायला आला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांनीही तोच लिहिला होता, आणि बाबांनी तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणला होता.

"सिन्सियर म्हणजे काय करते तो?" मॅडमनी चिरता चिरता विचारलं.

बाबा गडबडले. "म्हणजे… पहाटे उठते. अभ्यास करते. उलटून बोलत नाही. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"म्हणजे मेहनती आहे. गरीब स्वभावाचा आहे. चांगलं आहे न! पण सिन्सियर वेगळं, भाऊ. ते असं दाखल्यावर नाही दिसत. ते पाहा लागते." बाबांनी पुढे केलेला दाखला न वाचताच परत देऊन त्या माझ्याकडे वळल्या. "तुले बोलता येते, का बापच बोलते?"

मी म्हणालो, "येस मॅडम."

"यातल्या कोणत्या गोष्टीले येस?"

बाबा मनापासून हसले. मला घाम फुटला. दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागलो.

मॅडम मूळच्या वर्ध्याकडच्या. लग्न होऊन भिलाईला आल्या आणि इथल्याच झाल्या. यजमान प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, अधिकारी होते, ते जाऊन काही वर्षं झाली होती. मॅडमनी हिंदी शाळेत इंग्रजी शिकवण्यात नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर हा क्लास सुरू केला. मुलगी अमरावतीला होती. ती बोलवायची, मॅडम म्हणायच्या, "जाईन न, हे बॅच होऊ दे." एक बॅच संपायची तेव्हा दुसरी अर्ध्यात आलेली असायची.

त्यांच्या शिकवण्यात व्याकरणाचं पुस्तक नव्हतं. रोज एक शब्द फळ्यावर लिहायच्या आणि म्हणायच्या, "चला, इसका गेटपास बनाओ."

भिलाईत गेटपास कोणाला सांगावा लागत नाही. प्लांटच्या आत पाऊल टाकायचं तर नाव, बापाचं नाव, गाव आणि आत काम काय, हे सगळं सांगावं लागतं. मॅडम शब्दालाही हेच विचारायच्या. नाव म्हणजे स्पेलिंग आणि उच्चार. बाप म्हणजे तो कोणत्या शब्दापासून झाला. गाव म्हणजे कोणत्या भाषेतून आला. आणि शेवटचं काम. ते सर्वांत महत्त्वाचं. "नावगाव सांगून आत आला अन् कोपऱ्यात बसून राहिला, असा माणूस प्लांटले काय कामाचा?" म्हणून प्रत्येकाने त्या शब्दाचं एक वाक्य करायचं, आणि ते आपल्या घरातलं पाहिजे. 'सूर्य पूर्वेला उगवतो' अशी वाक्यं चालायची नाहीत. एकदा मी तेच केलं तर म्हणाल्या, "हे वाक्य तुह्यं नाही. सूर्य तुले विचारून उगवते काय?" मग मी आत्या फराळाचा डबा माझ्यापासून लपवते असं इंग्रजीत सांगितलं. ते त्यांनी फळ्यावर लिहून घेतलं आणि संध्याकाळी आत्याला फोन करून विचारलं, "पोट्ट्याले खायले कावून देत नाही?"

एकदा 'कंपनी' हा शब्द होता. मॅडमनी सांगितलं की याचं गाव लॅटिन, आणि याच्या पोटात 'सोबत' आणि 'पाव' असे दोन शब्द आहेत. एका ताटातली भाकर खाणारे, ते एकमेकांची कंपनी. मागून एक मुलगा म्हणाला, "मैडम, पापा की कंपनी में तो सब अपना-अपना डिब्बा लाते हैं." मॅडम म्हणाल्या, "फिर वो दफ़्तर होगा बेटा, कंपनी नहीं." तो मुलगा घरी जाऊन वडिलांना हे सांगून आला, आणि वडील दुसऱ्या दिवशी हसत हसत स्वतः मॅडमना भेटायला आले.

खोट्या गेटपासचा त्यांना फार राग. टिकेंद्र साहू नावाचे त्यांचे एक जुने विद्यार्थी होते. त्यांनी जुनवानीच्या रस्त्यावर कोचिंग काढलं होतं, चांगलं चाललं होतं. रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं की न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांच्या बातम्या. मॅडम रोज संध्याकाळी फिरायला त्या बाजूला जायच्या. भिंत रंगवली त्याच दिवशी त्या आत शिरल्या आणि वर्ग चालू असताना टिकेंद्र सरांना बाहेर बोलावलं. न्यूज म्हणजे नवीन गोष्टी, 'न्यू'ला 'एस' लागला, बास. दिशा मागून कोणीतरी चिकटवल्या. "मैंने तुझे ये पढ़ाया था?" सरांनी कान धरले आणि पुसतो म्हणाले. पुसलंही. आणि मॅडमना बरं वाटावं म्हणून त्या जागी मॅडमनीच शिकवलेला, त्यांचा सर्वांत लाडका शब्द रंगवून घेतला.

तो शब्द सिन्सियर.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात तो शब्द आमच्या फळ्यावर आला, आणि तो आला माठामुळे. मॅडमनी कोहक्याच्या बाजारातून माठ घेतला होता. सकाळी उठून पाहतात तर खाली थारोळं. त्यांनी माठ रिकामा करून उन्हात धरला, नखाने खरवडला. तडा होता, आणि त्यात मेण भरून वरून गेरू फासला होता. माठ माझ्या हातात देऊन त्या मला घेऊन बाजारात गेल्या. कुंभारीण समोर बसली होती. मॅडम तिच्या छत्तीसगढी भाषेत म्हणाल्या, "ए मटका सिन्सियर नई हे."

कुंभारणीने माठ फिरवून पाहिला. "सिन्सियर के नई जानौं दाई. ए माटी के हे."

आजूबाजूचे सगळे हसले, सर्वांत जास्त मॅडम. कुंभारणीने दुसरा माठ दिला, वाजवून दिला, आणि वर म्हणाली, "ले, ए तोर सिन्सियर."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी गोष्ट सांगितली. जुन्या रोममध्ये मूर्ती घडवताना संगमरवराला तडा गेला की लबाड कारागीर त्यात मेण भरायचे. घेणाऱ्याला कळायचं नाही. ऊन चढलं की मेण वितळायचं आणि देवाचं नाक गळून पडायचं. म्हणून चांगले कारागीर दुकानावर लिहायचे, 'सिने सेरा'. सिने म्हणजे शिवाय, सेरा म्हणजे मेण. त्याचं झालं सिन्सियर. "आपल्याकडे सिन्सियर म्हणजे मेहनती पोट्टा समजते. प्रोग्रेस रिपोर्टवर लिहून देते. मेहनत तर चोरबी करते. सिन्सियर म्हणजे उन्हात ठेवला तरी जसाच्या तसा."

हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पण बाबांना त्या दिवशी त्यांनी दाखला परत का दिला, ते मला तेव्हा समजलं.

मेण हा त्यानंतर क्लासचाच शब्द झाला. हिंदी बोलणारी पोरंही मेणच म्हणायची. कोणी वाक्य करून आला नाही आणि "मैडम, तबीयत ख़राब थी" असं सुरू केलं की पोर्चमधून एकच ओरडा उठायचा, "मेण!" मॅडम कोणाला कधी खोटारडा म्हणायच्या नाहीत. तो एक शब्द पुरायचा. तो त्यांच्यासाठीही चालायचा. एकदा उशीर झाला तेव्हा त्या म्हणाल्या की गॅसवाला आला होता. समोरच्या बाकावरच्या मुलीने हळूच "मेण?" म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "हो. सिरियल पाहून राहिली होती."

बी.ए. झालं, एम.ए. झालं. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. बाबांनी डोंगरगडला पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की पोरगा सिन्सर होता म्हणून झालं. मग रायपूरच्या एका खासगी कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या जागेसाठी मला मुलाखतीला बोलावलं.

समोर तिघे बसले होते. नेहमीचे प्रश्न झाले. मग एका वयस्क गृहस्थांनी विचारलं की तुमचा एखादा आवडता शब्द सांगा. मला वाटलं, नोकरी मिळाली. मी सिन्सियर सांगितला. रोम सांगितलं, मूर्ती सांगितल्या, कुंभारणीचा माठसुद्धा सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "क़िस्सा अच्छा है. आपने डिक्शनरी में देखा है?"

"नो सर."

"देखिएगा."

ते चिडून बोलले नाहीत. ती जागा मला मिळाली नाही, पण त्याचं कारण तेच होतं असं मी म्हणत नाही. उमेदवार पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशी मी भिलाईला माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मोठा कोश उघडला. सिन्सियरचं गाव लॅटिनच होतं. पण बाप मेण नव्हता. सिन्सेरस, म्हणजे स्वच्छ, शुद्ध, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. दुसऱ्या कोशात तर स्पष्टच लिहिलं होतं की मेणाच्या गोष्टीला काही आधार नाही.

घरी आत्याला सांगितलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "मंग तिले कावून सांगतं? म्हातारपणी कोणाचा देव कावून हलवा? नोकरी तं गेलीच, आता मॅडमबी घालवतं काय?"

मला ते पटलं. आणि मॅडमकडे जाणं टाळताही येत नव्हतं, मुलाखत कशी झाली हे ऐकायला त्या वाट बघत होत्या. त्यांनी चहा ठेवला.

"काय विचारलं?"

"आवडता शब्द."

"कोणता सांगतला?"

"सिन्सियर."

त्यांचा चेहरा फुलला. "मंग? काय म्हणाले?"

"त्यांना आवडला. गोष्ट चांगली आहे म्हणाले."

"अन्?"

"अन् काही नाही, मॅडम. झालं."

त्यांनी चहा कपात ओतला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मेण."

मी सगळं सांगितलं. त्या उठल्या, आतून आपला जाड कोश घेऊन आल्या, चष्मा लावला आणि ते पान काढलं. एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने. कोश मिटला नाही. त्यावर हात ठेवून बसून राहिल्या. चहावर साय आली.

"मले माह्या बाईंनी सांगतलं होतं, शाळेत," त्या म्हणाल्या. "इतक्या शब्दांचे गेटपास तपासले. दुसऱ्याच्या भिंती पुसायला लावल्या. याचा नाही तपासला."

"असं होतं, मॅडम."

"होते न. ओळखीचा माणूस होता. ओळखीच्या माणसाले गेटवर कोण थांबवते?"

मला वाटलं विषय तिथे संपेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फळ्यावर पुन्हा सिन्सियर लिहिलेलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इस शब्द का जो क़िस्सा मैंने सुनाया था, वो ग़लत था. असली गेटपास ये है." त्यांनी शुद्ध, स्वच्छ असं लिहिलं, आणि शेवटी मराठीत निर्भेळ. जुन्या इंग्रजीत वस्तूंनाही सिन्सियर म्हणायचे, भेसळ नसली की, असं सांगितलं. पोरं एकमेकांकडे बघत होती. एकाने विचारलं, "मैडम, तो अब मेण नहीं बोलना है?"

"बोलो. क़िस्सा ग़लत है बेटा, बात नहीं."

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. जो जुना विद्यार्थी भेटेल त्याला त्या सांगायला लागल्या. बँकेत, भाजीच्या गाडीशी, दवाखान्यात. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नात मी त्यांच्यासोबत होतो. स्टेजवर आहेराचं पाकीट देऊन त्या नवरदेवाला म्हणाल्या, "बेटा, वो मोम वाली बात झूठी थी." नवरीचं तोंड उतरलं. तिने 'मोम'चं 'मॉम' ऐकलं आणि तिला वाटलं सासूबद्दल काहीतरी बाहेर आलं. फोटोवाला खोळंबला, रांग खोळंबली, आणि मॅडमनी नवरीला सगळा सिन्सियर समजावून सांगितला तेव्हा कुठे ती हसली.

मग राहिली भिंत. जुनवानीच्या रस्त्यावर, माणसाहून उंच अक्षरांत, 'सिन्सियर यानी बिना मोम का'. खाली मूर्ती, मूर्तीच्या नाकाशी सूर्य. टिकेंद्र सरांनी आम्हाला कॅबिनमध्ये बसवलं, थंड पाणी मागवलं. मॅडमनी काम सांगितलं तसे ते कपाळाला हात लावून हसले.

"मैडम, पिछली बार आपने ही मिटवाया. फिर ये आपका ही लिखवाया. अब ये भी मिटाऊँ?"

"मिटा दे."

"इतनी अच्छी सीख है. झूठ भी है तो किसका नुक़सान हो रहा है?"

"सीख रख ले. शब्द को छोड़ दे."

सर थोडे गंभीर झाले. "एडमिशन चल रहे हैं. लोग पूछेंगे. क्या बोलूँ?"

"बोल देना, गावंडे मैडम ने ग़लत पढ़ाया था."

"आपका नाम लूँ?"

"और किसका लेगा?"

मी मध्येच म्हणालो, "मॅडम, नावाची काय गरज आहे?" त्या माझ्यावर वैतागल्या. "तू चूप बस. बापाचं नाव नसलं तर गेटपास होते काय?"

सरांनी नाव घेतलं की नाही, मला माहीत नाही. पण गोष्ट पसरली. ती पसरायला सरांची गरजही नव्हती, मॅडम स्वतःच सांगत फिरत होत्या. एका मुलाच्या आई पोर्चमध्ये आल्या. बोलायला सभ्य होत्या. म्हणाल्या, "मैडम, बुरा मत मानिए. इतने साल ये ग़लत था, तो और क्या-क्या ग़लत होगा?"

मॅडम म्हणाल्या, "मैं भी वही सोच रही हूँ."

त्या आईंनी मुलाला टिकेंद्र सरांच्या कोचिंगला घातलं. मागून आणखी काही मुलं गेली. आधी पोर्चमध्ये बाक पुरायचे नाहीत, मागची पोरं पायरीवर बसायची. आता मागचे बाक भिंतीला लावून ठेवले होते आणि त्यावर कपडे वाळत होते. जी मुलं राहिली त्यांना मॅडमनी नवीन नियम केला: मी सांगीन, तुम्ही कोश उघडून तपासायचं, चुकलं तर हात वर करायचा. शिकवण्याचा वेग निम्म्यावर आला. एकेक शब्द सांगताना त्या मध्येच थांबायच्या, "थांब, हे मी पाहिलं आहे का नुसतं ऐकलं आहे?" जी बाई कधी अडखळली नव्हती ती अडखळताना बघणं मला सोपं नव्हतं.

एका संध्याकाळी मुलं गेल्यावर त्या फळा पुसत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दिवाळीनंतर नवीन बॅच नाही घेत म्हणते. अमरावतीले जाते."

"कावून, मॅडम?"

"शिकवणाऱ्याचा भरोसा पाहिजे. पोट्ट्यांचा नाही म्हणत. मलेच माह्यावर राहिला नाही."

मी फडकं घेतलं आणि खालचा अर्धा फळा पुसला, तिथे त्यांचा हात वाकून पोचत नसे.

त्याच सुमारास मला अंबिकापूरच्या एका कॉलेजात जागा मिळाली. मुलाखतीत आवडता शब्द कोणी विचारला नाही. निघायच्या दिवशी मी नमस्कार करायला वैशाली नगरला गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, जुनवानीकडे गेल्या. मी ऑटोवाल्याला म्हटलं, आधी तिकडून घे, मग दुर्ग स्टेशन.

त्या कोचिंगच्या समोर, रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभ्या होत्या. टिकेंद्र सर रोज उद्या म्हणत होते, आणि त्या रोज जाऊन उभ्या राहत होत्या. शेवटी त्या दिवशी रंगारी आला होता. मूर्ती गेली होती, सूर्य गेला होता. शिडीवर चढून तो शेवटच्या अक्षरांवर चुन्याचा हात फिरवत होता. ओल्या चुन्याखालून अक्षरं अजून निळसर दिसत होती.

मी भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली. "पोचला की पत्र लिही. फोनवर नको, मले ते बोटानं सरकवणं जमत नाही. मराठीत लिही. घरी बोलतं तर लिहिता आलं पाहिजे."

"हो मॅडम."

रंगाऱ्याने शिडीवरून विचारलं, "अम्मा, अब इसमें क्या लिखना है?"

"कुछ नहीं," मॅडम म्हणाल्या. "पहले सूखने दे."

ऑटो वळताना मी मागे पाहिलं. त्या भिंतीकडेच बघत होत्या. अंबिकापूरला पोचून थोडे दिवस झाल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

*

आदरणीय मॅडम,

मराठी पत्राचा मायना मला येत नाही. आत्याला फोन करून विचारला, तिलाही नीट आठवला नाही. म्हणून सरळ नमस्कार लिहितो.

खोली मिळाली आहे. थंडी भिलाईपेक्षा जास्त आहे. जेवण ठीक.

पहिल्या दिवशी वर्गात मी शब्दाचा गेटपास सुरू केला. इथे प्लांट नाही, त्यामुळे गेटपास म्हणजे काय हेच आधी समजवावं लागलं. एका मुलीने एका शब्दाचा बाप विचारला. मला माहीत नव्हता. पूर्वीचा मी असतो तर काहीतरी चांगली गोष्ट सांगून टाकली असती. मी म्हटलं, मला माहीत नाही, उद्या पाहून सांगतो. मागे दोघेतिघे हसले. दुसऱ्या दिवशी मी पाहून गेलो, तर ती मुलगी आणि आणखी काही जण आधीच ग्रंथालयात पाहून आले होते. आता रोज येतात. त्यांना मजा वाटते की सरांना पकडता येतं. हे मी तुमच्याकडे शब्द पाठ करताना शिकलो नाही. त्या भिंतीसमोर शिकलो.

इथल्या कोशात आपल्या शब्दाबद्दल आणखी थोडं सापडलं. सिन्सेरसच्याही मागे एक जुना अर्थ असावा, 'एकाच वाढीचं', म्हणजे मधे काही जोडलेलं नाही असं. 'असावा' हे माझं नाही, कोशातलंच आहे. तुम्ही स्वतः पाहून घ्या.

आता काम. त्या मुलीचं नाव फुलमती. तिच्या वडिलांची बदली भिलाईला झाली आहे, कोहक्याला घर घेतलं आहे. दिवाळीनंतर ती तिकडच्या कॉलेजात जाईल. इंग्रजी बोलायला घाबरते, पण चूक दिसली की हात वर करते, समोर कोणीही असो. मी तिला तुमचा पत्ता दिला आहे आणि मॅडमचा क्लास चालू आहे असं सांगितलं आहे. यात मेण आहे की नाही, ते आता तुमच्या हातात आहे.

तिच्या शाळेच्या दाखल्यावर सिन्सियर लिहिलेलं आहे. मी तिच्या वडिलांना काही बोललो नाही. ते तुम्हीच पाहा.

शेवटी काय लिहावं यावर बराच वेळ अडलो. तुम्ही शिकवलं होतं, ज्याला पत्र लिहितो त्याचं नाव माहीत असेल तर युअर्स सिन्सियरली. तेच लिहितो. या वेळी आधी पाहून घेतलं.

युअर्स सिन्सियरली,
सुनील भोयर